चपला न राखणारी आत्या

लोणारचं सरोवर मी चार वेळा पाहून आले होते, पण त्याचं पाणी कसं आहे ते मला ठाऊक नव्हतं. हसू नका. पहिल्यांदा गेले तेव्हा नवी नवरी होते. इंझोरीहून सासरची सगळी मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली. वर काठाशी बारमाही झरा पडतो, त्या धारेवर आंघोळी झाल्या, आणि खाली पाण्यापर्यंत उतरायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू नवी हायस, तू बस इथं. चपला पाह्य." बसले. दुसऱ्या वेळी पोरगा पोटात होता. तिसऱ्या वेळी तो मांडीवर होता. चौथ्या वेळी शाळेची सहल होती आणि मी शाळेत खिचडी शिजवणारी बाई, तेव्हा खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, राखत बसले. कोणत्या गावचे लोक कोणती चप्पल घालतात ते मी आजही सांगू शकते. पाणी तेवढं पाहायचं राहून गेलं.

ही गोष्ट मी आत्याला सहज सांगितली. मेथी निवडत होतो दोघी. माझं तोंड चालू असतं हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. आत्याच्या हातातली जुडी तिथंच थांबली.

"चार डाव?" ती म्हणाली.

"चार डाव."

"अन् एकडावही तुले कोणी म्हटलं नाही का वं, तू जाय, मी बसतो?"

"कोणी म्हणणार? बसणारी बसली का बाकीच्यांले तिचा इसर पडते."

आत्या उठली, आतून कॅलेंडर घेऊन आली आणि एका रविवारी पेनानं असा गोल काढला की खालचा महिनाही फाटला. "मले तर सोळा पर्सा दिल्या व्हत्या," ती म्हणाली. "नर्सेसच्या ट्रेनिंगची सहल. सोळा बाया, सोळा पर्सा, अन् मी एकली लंगडी. म्हणे तुले उतरता येत नाही, तू पाह्य. कोणी विचारलं नाही मले, येते का म्हून. थ्या दिवशी म्या ठरवलं. जिनगीत पुन्हा कोणाची चप्पल राखणार नाही, अन् कोणाले राखू देणार नाही. आता चाल, तुले पाणी दाखवतो."

आत्या म्हणजे आमची घरमालकीण. पोराचं मोबाइलचं दुकान शेलूबाजारात टाकलं, म्हणून आम्ही इंझोरी सोडून तिच्या दोन खोल्यांत राहायला आलो. तिच्या अंगणात निळा झेंडा आणि माझ्या दारात तुळस, मधे एक सामाईक नळ. नळावर भांडण व्हायचं, पण ते पाण्यावरून. जन्मभर माहेरच्या गावात राहिलेली, म्हणून सगळ्या गावाची आत्या. सरकारी दवाखान्यात नर्स होती. पंचक्रोशीतल्या एका अख्ख्या पिढीच्या दंडावर तिची सुई टोचलेली. चांगले मिशावाले बाप्ये तिला समोरून येताना पाहून रस्ता ओलांडत. ती मुद्दाम हाक मारायची, "काहून रे पळून राह्यला? आज पिशवीत सुई नाही, कोथिंबीर हाय!"

एक पाय लहानपणीच्या पोलिओनं आखूड. त्या पायाच्या बुटाला तिनं मोच्याकडून टायरचा जाड थर ठोकून घेतला होता. त्यामुळे ती चालली की टप्, धप्प, टप्, धप्प असा आवाज येई. आम्ही डोळे मिटून सांगायचो, आत्या कुठपर्यंत आली. गळ्यात शिट्टी. पोलिओच्या डोसाच्या रविवारी पोरं गोळा करायला वाजवायची ती. नोकरी सुटली, शिट्टी सुटली नाही.

आता तिच्या तयारीचं सांगते. साधं लोणारला जायचं, जीपनं, डबा घेऊन. पण आत्याला ते साधं वाटेना. पहिलं म्हणजे सामान राखायला कोणी बसायचं नाही, तर मग सामान जाणार कुठं? ज्याचं त्याच्या पाठीवर. तिनं गावभरच्या मोडक्या छत्र्या गोळा केल्या, आमच्या शेजारच्या टेलरच्या मशीनवर बसली आणि काळ्या छत्रीच्या कापडाच्या पाठपिशव्या शिवल्या. प्रत्येकाची पिशवी त्याच्या मापाची. पोरांचे दंड मोजायची दवाखान्यातली पट्टी तिच्याकडे होती, तिनं ती आमच्या खांद्यांना लावली. माझी नात तेव्हा चार वर्षांची. तिची पिशवी तळहाताएवढी, आणि तिच्यात एक बिस्कीट आणि एक रुमाल. "आपलं वझं आपल्या पाठीवर असलं का कोणाच्या बापाची भीड नाही," आत्या म्हणायची.

दुसरं म्हणजे सराव. माझ्या पोराचं दुकान ज्या इमारतीत आहे तिला बाहेरून जिना आहे, थेट गच्चीपर्यंत. आठवडाभर रोज सकाळी आम्ही पाठीवर काळ्या पिशव्या घेऊन रांगेनं तो जिना चढायचो आणि उतरायचो. मी, आमचे हे, पोरगा, सून, नात, टेलर, त्याची बायको आणि त्यांची दोन पोट्टी. पुढे आत्या, टप् धप्प. तिसऱ्या दिवशी मी मागं वळून पाहते तर रांग लांबलेली! ओळखीचे ना पाळखीचे, पाच-सहा जण आमच्या मागं चढून राहिले. एक बुढी तर हातात रेशनकार्ड घेऊन.

"वरतं काय वाटून राह्यले वं बाई?" तिनं मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत आत्या वरून ओरडली, "दम वाटून राह्यले! कार्ड ठेव खिशात अन् चढ!"

ती बुढी खरंच चढली हो. वर जाऊन, चारी बाजूंनी गाव पाहून, खूश होऊन उतरली. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आली.

आत्याचे चालण्याचे नियम होते, आणि ते ती औषध सांगावं तसे सांगायची. उतरताना बोला, चढताना गप्प. हा नियम खास माझ्यासाठी होता असं आमच्या ह्यांचं मत. दुसरा नियम, ज्याचा पाय मंद तो म्होरं. यावर टेलरनं वाद घातला. तो म्हणाला, "आत्या, तगडा माणूस म्होरं पाह्यजे, वाट दाखवाले."

"वाट दगडाची हाय, तितंच राहते," आत्या म्हणाली. "तू ऐक. मंद माणूस मांगं राह्यला का तगडे वरतं थांबून त्याची वाट पाहतात. थो बिचारा हापत हापत पोचला का हे म्हणतात, चला आता! मंग आराम कोणाले भेटला? ज्याले नको व्हता त्याले. म्हून मंद म्होरं, अन् बाकीच्यायनं त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालाचं."

टेलर रांगेत मागं गेला. मी विचारात पडले. आजवर मी प्रत्येक वाटेवर हापत हापत पोचणारीच होते, आणि हे मला कुणी असं उलगडून सांगितलं नव्हतं.

तो रविवार आला. सकाळीच जीप निघाली, आम्ही नऊ, आत्या दहावी आणि जीपवाला अकरावा. त्याच्यासाठीही पिशवी शिवलेली होती. तो म्हणाला, "मी गाडीपाशी थांबतो ना आत्या, गाडी राखतो." आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं किल्ली पिशवीत टाकली.

धारेपासून पायऱ्या सुरू होतात. वरून पाहिलं तर तळ दिसतो आणि दिसत नाही. मोठ्या परातीसारखा खड्डा, उतारावर दाट झाडी, सीताफळीची झुडपं आणि मधे हिरवट चकाकी. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. आत्या पुढे, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून. आम्ही तिच्यामागं. उतरताना बोलायची परवानगी होती, तेव्हा मी सोडत नव्हते.

अर्ध्यात काळ्या दगडाची उभी भिंत लागते, थरावर थर. तिथं आत्यानं शिट्टी वाजवली. थांबा. पाणी प्या. पोरांनी विचारलं हा खड्डा कुणी केला. माझ्या पोरानं मोबाइलमधलं सांगितलं की उल्का पडली. टेलर म्हणाला, छट्, ज्वालामुखी होता, आमच्या मास्तरांनी सांगितलं.

"दोघंही खरे," आत्या म्हणाली. "आधी खालतून जमीन उतू गेली. दुधावाणी. निवली का साय धरली, पुन्हा उतू गेली, पुन्हा साय. हे थर पाहा. आपला अख्खा मुलूख या काळ्या सायीवर बसला हाय. मंग लय दिवसानं आभाळातून एक गोटा आला अन् त्या सायीले भोक पडलं."

माझी नात दगडाला हात लावून विचारात पडली. "आत्या," ती म्हणाली, "पण दुधाकडं कोणीच पाहून नव्हतं राह्यलं का?"

"कोणीच नाही!"

मला राहवलं नाही. "पाहा," मी म्हटलं, "राखणारं माणूस नसलं का असं होते."

आत्यानं कमरेवर हात ठेवले. "अन् राखत बसली असती एखादी बाई, तर लोणार झालं असतं का? सांग!"

आमचे हे पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

आणि मग झाडी संपली आणि पाणी आलं. माझ्या पायापासून थोड्याच अंतरावर. हिरवं, मिक्सरमधून काढलेल्या पालकासारखं, काठाला पांढरा फेस, नासक्या अंड्यासारखा उग्र वास. पलीकडे बगळे. तशी फार सुंदर जागा म्हणाल तर वास येतो बापा. पण मी उभी राहिले. मागं कुणाच्या चपला नव्हत्या, गंज नव्हता, कुणी परत यायची वाट पाहायची नव्हती. परत जायचं होतं ते मलाच. थोड्या वेळानं शेजारून आमच्या ह्यांचा आवाज आला, "तीन मिन्टं झाले, हे बाई गप्प हाय. घड्याळ पाहून सांगतो. आल्याचं सार्थक झालं."

काठानं थोडं चालून गेलं की देवीचं जुनं देऊळ आहे. तिथं खरा घोळ झाला. देवळात जायचं म्हणजे चपला काढायच्या. आत्याच्या नियमानं चपला पिशवीत घातल्या आणि पिशव्या पाठीवर घेऊन आम्ही दारात. पुजारी म्हणाला, "अहो, पायातली काढून पाठीवर घेतली, म्हणजे देवीजवळ चप्पल गेलीच ना?" बरोबर होतं त्याचं. मग पिशव्या आणि चपला बाहेर ठेवायच्या ठरल्या. आत्या काही देवळात येणार नव्हती, तिचं विहार वेगळं, हे सगळ्यांना माहीत. ती बाहेर पिंपळाखाली उभीच होती. तेव्हा टेलरची बायको अगदी साधेपणानं बोलून गेली, "आत्या, तू तर भाईरच हायस. जरा नजर ठेवजो."

मी डोळेच मिटले.

"मी भाईर हाय," आत्या म्हणाली, "मी उभी हाय. मी राखून नाही राह्यली." आणि टप् धप्प करत दहा पावलं पलीकडे गेली, आणि चपलांकडे पाठ करून सरोवराकडे तोंड केलं.

आम्ही नमस्कार करून बाहेर आलो तो एक काळतोंड्या वांदर माझी डावी चप्पल घेऊन पिंपळावर. निवांत अंगठा चावून राहिला होता चपलेचा.

"आत्या! तुह्या डोयासमोर नेली ना त्यानं!"

"डोयासमोर नाही. पाठीमांगून. मी तिकडं पाहूनच नव्हती राह्यली."

"अवं पण आवाज तरी?"

"आला ना आवाज. म्हटलं, घेऊन राह्यला असन त्याच्या मापाची."

मला इतका राग आला की सांगू नका. एवढ्या पायऱ्या एका चपलेवर कशा चढायच्या? माझा पाय नाजूक नाही, पण वाटेत बाभळीचा काटा होता. आत्या मुकाट्यानं खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला, तिच्या पिशवीतून बँडेजची गुंडाळी काढली आणि टाचेपासून बोटांपर्यंत असा पाय बांधला की नव्या नवरीचा बूट वाटावा. वरून छत्रीच्या कापडाचा तुकडा, त्याच्यावर चिकटपट्टी. बांधता बांधता हळूच म्हणाली, "म्या राखल्या असत्या ना तुह्या चपला, तर तू पुन्हा मले म्हटलं असतं. मंग सून म्हणली असती. मंग माही जागा पक्की झाली असती. समजलं का?"

समजलं. राग मात्र वरपर्यंत टिकवला, कारण तो मला आवडून राहिला होता.

आणि पाहा, आता सगळ्यात मंद कोण? मी. म्हणजे म्होरं कोण? मी! लग्नाला किती वर्षं झाली, मी कधी आमच्या ह्यांच्या पुढे चालले नव्हते. शेतात मागं, बाजारात मागं, लग्नांत मागं. आता मी पुढे, एक पाय चपलेत, एक बँडेजात, आणि हे माझ्या मागं, बाकीचे त्यांच्या मागं. चौथ्या-पाचव्या वळणावर हे म्हणाले, "पाय उचल ना वं जरा." लगेच मागून कर्रकन शिट्टी. "भाऊ! म्होरच्याले हाकलाचं नाही. म्होरचा थांबला का थांबाचं."

मी थांबले. दमले नव्हते. थांबून पाहिलं, बाकीचे थांबतात का.

थांबले.

त्यानंतर दर थंडीत आम्ही जाऊ लागलो. गावातली आणखी घरं येऊ लागली, बाया सासवांना घेऊन, सासवा गुडघ्यांना पट्टे बांधून. काळ्या पिशव्यांची रांग दिसली की धारेवरचे फुलवाले म्हणत, आले शेलूबाजारचे कावळे.

मग आत्या न्हाणीत घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं अकोल्याला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, सपाटीवर काठी घेऊन चाला, पण पायऱ्या नाही म्हणजे नाही. जिन्याचा सराव बंद पडला. थंडी आली, कुणी लोणारचं नाव काढेना. मलाही एकच धास्ती होती. गेलो, तर आत्याला वर बसावं लागणार. आणि वर बसलेल्या माणसापाशी लोक काय ठेवतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आज ना उद्या कुणीतरी सहज म्हणणार, आत्या, एवढं पाहजो. सोळा पर्सांवरून सुरू झालेली बाई शेवटी परत तिथंच येऊन बसणार.

म्हणून एक दिवस तिनं जीप सांगितली तेव्हा मीच आडवी झाले. "तू खाली येत नाहीस, मंग कोणीच जात नाही. तुहाच नेम हाय, राखाले कोणी बसाचं नाही."

"राखाले बसाचं नाही म्हटलं व्हतं. बसाचंच नाही असं कोठी म्हटलं?" ती म्हणाली. "माह्या पायानं मले बसवलं, लोकायनं नाही. फरक हाय त्याच्यात. फक्त एक करा. माह्यापाशी काही ठेवू नका. रुमालही नको."

जीपच्या टपावर टेलरची प्लास्टिकची खुर्ची बांधून नेली. पायऱ्यांच्या तोंडाशी ठेवली, आत्या तिच्यावर बसली, हातात लाल छत्री, आणि आमची तपासणी सुरू झाली. एकेकाची पिशवी पाठीवर आहे का, डबा आहे का, चपला पायात आहेत का. जीपवाला म्हणाला मी तुमच्यासोबत थांबतो, तर त्याला म्हणाली, "थांब, पण मले राखू नको." माझ्या नातीनं, आता शाळेत जाते ती, गुपचूप आपली बाहुली आत्याच्या मांडीवर ठेवली.

"घेऊन जाय इले."

"ती थकली, आत्या."

"थकली तं म्होरं ठेव!"

नातीनं बाहुली उचलली आणि दोन्ही हातांनी पुढे धरून चालू लागली. तिच्यामागं मी. पायऱ्या उतरताना बोलायची परवानगी, पण त्या दिवशी मला एक शब्द सुचला नाही. पुढे टप् धप्प नव्हतं ना.

खाली पोचलो, पाणी तेच, वास तोच. मी मान वर करून खुर्ची शोधली. आमच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पांढरा ठिपका दिसला, पण त्याच्यावर लाल काही नव्हतं. मी ओरडले, "आत्या कोठी गेली? पडली का कोठी?" सगळे वर पाहू लागले. तेवढ्यात वरून, पार उजव्या हाताकडून, शिट्टी आली. त्या परातीत आवाज असा घुमला की बगळे उडाले.

लाल छत्री! वरच्या काठानं सपाट रस्ता जातो ना, त्या रस्त्यानं ती चालली होती. काठी, छत्री, आणि पंधरा पावलं मागं जीपवाला. आम्ही खाली काठानं देवळाकडे जाणार होतो, ती वरून त्याच बाजूला. आम्ही निघालो. झाडी आली की छत्री दिसेनाशी व्हायची, झाडी सरली की पुन्हा यायची. मधेच छत्री थांबली. कुठल्यातरी दगडावर टेकली असणार.

मी काही म्हणायच्या आत मागून आमचे हे म्हणाले, "थांबा रे. म्होरची थांबली."

आणि सगळे थांबले. वर एक ठिपका बसलेला, खाली आम्ही नऊ जण हिरव्या पाण्याशी उभे, नात बाहुली पुढे धरून. कुणाला घाई नव्हती. मग छत्री हलली, तसे आम्ही हललो. त्या दिवशी देवळापर्यंत पोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, आणि सगळ्यांत पुढे आत्याच होती, दीड-दोनशे हात उंचावर का असेना.

संध्याकाळ व्हायच्या आत पायऱ्या चढून वर आलो, गप्प, नियमाप्रमाणे. आत्या काठानं परत येऊन जीपला टेकून उभी होती. लाल तोंड, धुळीनं भरलेला तो टायरचा बूट, आणि असा तोरा की पूर्ण सरोवराला एकटीनं वेढा घालून आली असावी.

"देऊळ दिसलं का वरून?" मी विचारलं.

"देऊळ दिसलं, पिंपळ दिसला. तुही चप्पल काही दिसली नाही."

सामान टपावर चढवताना टेलरला आठवलं. खुर्ची! ती पायऱ्यांच्या तोंडाशीच राहिली होती. आम्ही वळून पाहिलं. खुर्चीवर मोठा काळतोंड्या वांदर बसला होता, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवून, शेपटी मागं सोडून, खाली जाणाऱ्या वाटेवर डोळे लावून. अगदी माझ्यासारखा, नवी नवरी असतानाच्या.

टेलर दगड उचलायला वाकला. आत्यानं शिट्टी वाजवून त्याला थांबवलं.

"बसू दे त्याले," ती म्हणाली. "फक्त एवढं सांगजो, आज राखाले काहीच नाही."